चिठ्ठीवरचे गाव : भुरीच्या वाळलेल्या नमुन्यांचे मोल

काशीच्या मणिकर्णिका घाटाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. इ. स. १७९१ मध्ये पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी या घाटाचा जीर्णोद्धार केला. शेजारचा घाट शिंदे घराण्याच्या नावाने ओळखला जातो. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नावही मणिकर्णिकाच. या महाश्मशानात दिसणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसरीकडून आलेली असते. चितेची लाकडे नावांमधून येतात, झेंडूची फुले खेड्यांतील शेतांतून येतात, बेलाची पाने कुणाच्या तरी परसातून येतात.

समजा, वनस्पतिरोगशास्त्राचा एखादा विद्यार्थी हिवाळ्यात या घाटावर गेला आणि फुलवाल्याच्या टोपलीतील झेंडूच्या डहाळीवर त्याला पांढरी भुकटी दिसली. त्याने ती डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवली, वाळवली, पाकिटात घातली आणि चिठ्ठीवर लिहिले : ‘झेंडूवरील भुरी, मणिकर्णिका घाट, वाराणसी’. खाली तारीख घातली. या चिठ्ठीतील एकही शब्द खोटा नाही. तरीही ही नोंद पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करील, कारण ते झाड घाटावर वाढलेलेच नव्हते. ज्या शेतात रोग होता त्या शेताचे नाव कोठेच लिहिले गेले नाही. याउलट घाटाच्या दगडी सांध्यात रुजलेल्या एखाद्या तणाच्या पानावर भुरी आढळली असती, तर हीच चिठ्ठी अचूक ठरली असती.

नमुना कोठे मिळाला आणि यजमान वनस्पती कोठे वाढली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाजार समितीतून आणलेला द्राक्षाचा घड, रोपवाटिकेतून आलेले गुलाबाचे कलम किंवा आठवडी बाजारातील भेंडी यांच्याबाबतीत आपणही रोज हीच चूक करू शकतो. भुरीच्या बुरशींच्या संदर्भात या चुकीची किंमत इतर अनेक रोगांपेक्षा अधिक असते. त्याचे कारण या बुरशींच्या स्वभावात आहे.

जिवंत परपोषीवाचून न जगणारी बुरशी

भुरी रोग घडवून आणणाऱ्या बुरशी एरिसिफेसी या एकाच कुळात मोडतात. त्यांच्या सुमारे नऊशे जाती ज्ञात असून दहा हजारांच्या घरात सपुष्प वनस्पतींवर त्या आढळतात. द्राक्ष, आंबा, वाटाणा, गहू, काकडीवर्गीय वेली, बोर, मिरची, गुलाब अशी आपल्या परिचयाची कितीतरी पिके त्यांच्या तावडीत सापडतात. पानाच्या पृष्ठभागावर बुरशीचे धागे पसरतात. पेशींमध्ये शोषकांगे घुसवून त्या अन्नरस ओढून घेतात आणि बीजाणूंच्या साखळ्या किंवा सुटे बीजाणू हवेत सोडतात. आपल्याला दिसते ती पांढरी भुकटी म्हणजे हेच धागे आणि बीजाणू.

या बुरशी पूर्णपणे जिवंत वनस्पतीवर अवलंबून असतात. मर रोगाची फ्युजॅरियम किंवा करप्याची कोलेटोट्रिकम प्रयोगशाळेतील पोषक माध्यमावर वाढवता येते, नळीत साठवता येते आणि दहा वर्षांनी पुन्हा जागी करता येते. भुरीच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. बार्लीवरील भुरीचा जनुकसंच २०१० मध्ये उलगडला तेव्हा त्याचे एक कारण स्पष्ट झाले : स्वतंत्र जगण्यासाठी लागणाऱ्या चयापचयाची अनेक जनुके या बुरशीने उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहेत.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ही मर्यादा डोळ्यांना दिसते. तेथे राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. त्यात बुरशींची जिवंत संवर्धने राखली जातात. त्याच संस्थेत प्रा. एस. एल. आजरेकर यांच्या नावाचे बुरशी-हर्बेरियम आहे. त्यात वाळवलेले नमुने पाकिटांत जपलेले असतात. भुरीच्या बुरशीला पहिल्या दालनात जागा मिळणे अवघड. तिचा कायमचा पुरावा म्हणजे दुसऱ्या दालनातील वाळलेले पान आणि त्यासोबतची चिठ्ठी. हे पान हरवले किंवा चिठ्ठी अपुरी राहिली, तर त्या वर्षी त्या गावात नेमकी कोणती भुरी होती हे पडताळण्याचा मार्गच उरत नाही. संशोधन निबंधातील एका ओळीचा उल्लेख तेवढा शिल्लक राहतो.

आंब्याच्या मोहोरावरील भुरीची शंभर वर्षे

नमुना जपल्याने काय साधते याचे उत्तम उदाहरण म्हणजे आंब्याची भुरी. कोकणातील बागायतदाराला तिची ओळख करून देण्याची गरज नाही. मोहोर पांढुरका पडतो, फुले व कोवळी कैरी गळते आणि हंगामाचे गणित बिघडते. या बुरशीला ब्राझीलमधील आंब्यावरील नमुन्यांवरून १९१४ मध्ये ओइडियम मँजिफेरी हे नाव मिळाले. ओइडियम या नावाखाली त्या काळी केवळ अलैंगिक बीजाणू ठाऊक असलेल्या भुरींची सोय लावली जात असे. भुरीची खरी ओळख पटते ती तिच्या लैंगिक अवस्थेतील सूक्ष्म, गोल, काळपट फळपिंडांवरून आणि त्यांवरील उपांगांवरून. उष्ण प्रदेशात ही अवस्था अनेकदा तयारच होत नाही. परिणामी यजमान वनस्पतीच्या नावावरून भुरीला नाव देण्याची प्रथा पडली. आंब्यावरील ती मँजिफेरी, रबरावरील ती हेव्ही, काजूवरील ती अ‍ॅनाकार्डी.

पुढे डीएनएचे विश्लेषण हाती आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंबा, काजू, रबर, लिंबूवर्ग व बाभूळवर्ग अशा उष्ण कटिबंधातील वृक्षांवरील भुरी तपासण्यात आल्या. युरोपातील ओक वृक्षावरील भुरीशी, म्हणजे एरिसिफी अल्फिटॉइडिसशी, त्यांचे अगदी जवळचे नाते असल्याचे त्यातून दिसून आले. पुढच्याच वर्षी जपानमधील ओकवरून एरिसिफी क्वेर्सिकोला ही जवळची जात वेगळी करण्यात आली आणि आंब्यावरील भुरीचा संबंध तिच्याशी जोडला गेला. २०११ मध्ये मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत एका बुरशीला एकच नाव हे तत्त्व मान्य झाले. त्यानंतर जुन्या ओइडियम नावांची फेरमांडणी अटळ ठरली. उवे ब्राऊन व रॉजर कुक यांच्या २०१२ मधील ग्रंथात आंबा व काजू यांवरील भुरी एकाच नावाखाली आल्या.

आंबा आणि काजू कोकणात एकाच बांधावर उभे असतात. दोन्हींवरील भुरी एकच असेल, तर एका पिकावरील उद्रेक दुसऱ्याला धोका ठरू शकतो आणि फवारणीचे नियोजन दोन्ही पिके मिळून करावे लागेल. म्हणजे वर्गीकरणातील हा बदल ग्रंथालयापुरता नाही. परंतु हा प्रश्न आपल्या मातीत सोडवायचा, तर आपल्याच बागांतील जुने व नवे नमुने हाताशी असले पाहिजेत, आणि प्रत्येकावर जात, गाव व तारीख लिहिलेली असली पाहिजे. नाव चार वेळा बदलले तरी चालते; पान जागेवर असेल तर पाचवे नाव त्याच्यावरूनच ठरवता येते.

वाटाण्याचा धडा

वाराणसीकडे पुन्हा वळू. हा परिसर वाटाण्याचा आहे आणि देशातील वाटाणा उत्पादनात उत्तर प्रदेश अग्रस्थानी आहे. भारतीय भाजीपाला संशोधन संस्था याच जिल्ह्यात असून काशी हिंदू विश्वविद्यालयातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञांनी वाटाण्यावरील भुरीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. थंड, कोरडी हवा आणि पहाटेचे दव असा हिवाळा या रोगाला मानवतो.

वाटाण्याची भुरी म्हटली की एरिसिफी पायसी हे नाव डोळे मिटून लिहिले जात असे. प्रतिकारक वाणांची पैदासही याच गृहीतावर उभी राहिली. ईआर-१ हे प्रतिकारक जनुक १९४८ मध्ये पेरूमधील वाटाण्यातून नोंदले गेले आणि जगभरच्या पैदास कार्यक्रमांत त्याचा मोठा वापर झाला. नंतर लक्षात आले की वाटाण्यावर एरिसिफी ट्रायफोली ही दुसरी जातही येऊ शकते. स्पेन व भारतातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ही जात ईआर-१ व ईआर-३ या जनुकांवर मात करू शकते; ईआर-२ मात्र तिला दाद देत नाही.

आता एखाद्या शेतात ईआर-१ असलेला वाण भुरीला बळी पडला, तर दोन शक्यता संभवतात. प्रतिकारक्षमता खरोखरच कमी पडली असेल, किंवा मुळात बुरशीच वेगळी असेल. उघड्या डोळ्यांना दोन्ही भुरी सारख्याच पांढऱ्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली फळपिंडांची उपांगे पाहिली, तर ट्रायफोलीची टोके फाटे फुटलेली आणि पायसीची उपांगे साध्या धाग्यांसारखी दिसतात. फळपिंड नसतील तर डीएनएचा आधार घ्यावा लागतो. ही दुसरी जात या भागात नवी आली की पूर्वीपासून होती आणि आपण तिला पायसी म्हणत आलो, या प्रश्नाचे उत्तर वाणाच्या निवडीवर थेट परिणाम करते. ते उत्तर देऊ शकतील असे साक्षीदार एकच : तीस-चाळीस वर्षांपूर्वी वाटाण्याची पाने वाळवून ठेवलेली पाकिटे.

वाळलेल्या पानातून आज काय वाचता येते

जुन्या नमुन्यांकडून अशी साक्ष मिळते का, ही शंका रास्त आहे. आयर्लंडच्या दुष्काळास कारणीभूत ठरलेल्या बटाट्यावरील करप्याच्या रोगकारकाचा जनुकसंच एकोणिसाव्या शतकातील हर्बेरियम नमुन्यांतून २०१३ मध्ये वाचण्यात आला. भुरीपुरते बोलायचे तर मायकेल ब्रॅडशॉ व पॅट्रिक टोबिन या अमेरिकी संशोधकांनी २०२० मध्ये हर्बेरियममधील भुरीच्या नमुन्यांतून डीएनए मिळवण्याच्या पद्धती तपासून प्रसिद्ध केल्या. पाकिटातील पान मृत असले तरी मुके नसते.

द्राक्ष बागायतदारांच्या दृष्टीने यात आणखी एक शक्यता दडलेली आहे. स्ट्रोबिल्युरीन गटातील बुरशीनाशके १९९६ पासून बाजारात आली. द्राक्षाच्या भुरीत, म्हणजे एरिसिफी नेकेटरमध्ये, या गटाला न जुमानणारे जनुकीय बदल अनेक देशांत नोंदले गेले आहेत. ट्रायझोल गटाविरुद्धचे बदलही ज्ञात आहेत. नाशिक किंवा सांगलीच्या एखाद्या बागेतील १९९६ पूर्वीचे पान जपलेले असेल, तर तो बदल फवारणीआधीच तेथे तुरळकपणे होता की फवारणीनंतर वाढत गेला, याची तुलना करता येईल. आजचे पान जपले, तर वीस वर्षांनंतर येणाऱ्या बुरशीनाशकाबद्दल तोच प्रश्न विचारता येईल.

बुरशींच्या बरोबरीने गावांचीही नावे बदलतात

भारतातील बुरशींच्या पद्धतशीर संग्रहाची सुरुवात बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये एडविन बटलर यांच्या काळात झाली. १९३४ च्या भूकंपानंतर संस्था दिल्लीला हलली आणि तिच्यासोबत संग्रहही. भारतीय कृषी संशोधन संस्थेतील हे हर्बेरियम आज देशातील सर्वांत महत्त्वाच्या बुरशी-संग्रहांपैकी एक आहे. बटलर व बिस्बी यांचा ‘द फंजाय ऑफ इंडिया’ हा १९३१ चा ग्रंथ अशाच नोंदींवर उभा आहे.

अशा जुन्या संग्रहांतील चिठ्ठ्या संगणकावर चढवताना अभ्यासकापुढे वेगळीच अडचण उभी राहते. वाराणसी हे अधिकृत नाव १९५६ मध्ये आले. त्याआधीचे लेखन बनारस, बेनारिस किंवा काशी. पूना म्हणजे पुणे, किरकी म्हणजे खडकी हे आपण ओळखतो, पण परदेशी अभ्यासक ओळखेलच असे नाही. बसीन हे नाव तर दुहेरी संकट आहे : एक बसीन म्हणजे आपली वसई, दुसरे म्हणजे ब्रह्मदेशातील बंदर. जिल्हा लिहिलेला नसेल, तर नमुना एका देशातून दुसऱ्या देशात जाऊन पडतो. जिल्हेही विभागले जातात. जुन्या नोंदीतील ठाणे आज पालघर असू शकते.

म्हणून गावाच्या नावासोबत अक्षांश-रेखांश लिहिण्याचा आग्रह धरला जातो. मणिकर्णिका घाटाचे स्थान सुमारे २५.३१ अंश उत्तर व ८३.०१ अंश पूर्व असे लिहिले, की पुढे शहराचे नाव काहीही होवो, जागा हलत नाही. दशांशानंतर दोनच आकडे लिहिले तर सुमारे एक किलोमीटरचा फरक राहू शकतो. चार आकडे लिहिले तर तो दहा-बारा मीटरवर येतो. घाटांच्या या दाटीत एक किलोमीटर म्हणजे कितीतरी घाट. शेतीच्या भाषेत बोलायचे तर एक किलोमीटर म्हणजे दुसऱ्याची बाग, दुसरे वाण आणि दुसऱ्याच फवारण्या.

भुरीचा नमुना कसा तयार करावा

हे काम अवघड नाही आणि खर्चिकही नाही. पुढील गोष्टी सांभाळल्या की शेतातील पान संग्रहात जाण्यायोग्य होते.

१. दव सुकल्यावर पाने तोडावीत. भुरी ठळक असलेली, पण किडींनी खाल्लेली किंवा धुळीने माखलेली नसलेली दहा-पंधरा पाने घ्यावीत. डीएनए तपासणीत प्रत्येक वेळी पानाचा थोडा भाग खर्ची पडतो, म्हणून एकच पान पुरत नाही. जुनी, खालची पानेही पाहावीत. काळे ठिपके दिसल्यास ते फळपिंड असू शकतात आणि ओळखीसाठी ते बहुमोल ठरतात.

२. पाने कागदी पाकिटात ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल साचते आणि इतर बुरशी चढतात. पान धुऊ नये, पुसू नये.

३. यजमान वनस्पतीची ओळख पक्की करावी. तण अनोळखी असेल तर फुला-फळांसह फांदीचा वेगळा नमुना घ्यावा. यजमानाची ओळख चुकली, तर बहुधा बुरशीचीही चुकते.

४. ताज्या स्थितीतील निरीक्षण त्याच दिवशी लिहावे. काकडीवर्गीय वेलींवर दोन वेगळ्या भुरी येतात. पोडोस्फीरा झँथीच्या ताज्या बीजाणूंत फायब्रोसिन नावाचे चमकदार कण दिसतात, गोलोव्हिनोमायसिसमध्ये ते नसतात. वाळल्यावर हा भेद दिसेनासा होतो. बीजाणू साखळीत आहेत की सुटे, हेही ताज्या पानावरच खात्रीने कळते.

५. पाने वर्तमानपत्राच्या घड्यांत, पसरून, हलक्या दाबाखाली ठेवावीत. पहिले काही दिवस कागद रोज बदलावा. तीव्र उष्णता देऊ नये. त्याने डीएनएची हानी होते.

६. वाळलेला नमुना बंद पिशवीत घालून काही दिवस शीतकपाटात उणे २० अंश तापमानाला ठेवावा, म्हणजे कीटक व त्यांची अंडी मरतात. पूर्वी यासाठी पाऱ्याची विषारी संयुगे वापरत. त्यामुळे जुने नमुने हाताळताना हातमोजे वापरणे श्रेयस्कर.

७. चिठ्ठीवर यजमानाचे शास्त्रीय व स्थानिक नाव, पिकाचा वाण, वाढीची अवस्था, रोगाचा भाग, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव व क्रमांक असावा. अलीकडे कोणती फवारणी झाली हेही लिहावे. पान बाजारातून किंवा रोपवाटिकेतून आले असेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि मूळ शेत कळल्यास तेही नोंदवावे. चिठ्ठी पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहावी.

अनेक वर्षांनी कुणी हा नमुना उघडेल तेव्हा पानाचा लहानसा तुकडा लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवून मंद ऊब देईल. आकसलेले बीजाणू फुगून जवळजवळ मूळ आकारात येतील आणि त्यांचे मोजमाप घेता येईल.

घाटापासून पुण्यापर्यंत

काशी आणि पुणे यांच्यामध्ये अशा पाकिटांची ये-जा आजही चालू आहे. पूर्व उत्तर प्रदेशात, वाराणसी परिसरात, पानांवरील ठिपक्यांच्या काही नव्या बुरशी अलीकडच्या वर्षांत वर्णिल्या गेल्या. त्यांचे मूळ प्रमाण-नमुने आजरेकर हर्बेरियममध्ये ठेवून जोडनमुने काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संग्रहात राखण्याची पद्धत तेथील संशोधकांनी पाळली आहे. एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी उरते. पुसाच्या भूकंपाची आठवण असलेल्या देशात ही खबरदारी योग्यच म्हणावी लागेल.

आपल्या कृषी महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी रोगग्रस्त पाने गोळा करतात. परीक्षेसाठी वही सजते, गुण मिळतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती वही वाळवीच्या स्वाधीन होते. त्यांतील दोन-चार नमुने जरी पूर्ण चिठ्ठीसह मान्यताप्राप्त संग्रहात गेले, तरी महाराष्ट्राच्या पिकांवरील रोगांचा इतिहास तारीखवार लिहिला जाईल. भुरीचा नवा यजमान, प्रतिकारक वाणावरील अनपेक्षित लागण किंवा निष्प्रभ ठरलेले बुरशीनाशक यांविषयी लेख लिहिणाऱ्या प्रत्येक संशोधकाने नमुन्याचा हर्बेरियम क्रमांक दिला, तर त्याचे विधान उद्याही तपासता येईल. विस्तार अधिकारी व बागायतदार यांनीही रोगाचे छायाचित्र पाठवून न थांबता कागदी पाकिटात चार पाने राखून ठेवावीत. छायाचित्रातून डीएनए काढता येत नाही.

मणिकर्णिकेवरच्या फुलवाल्याला त्या विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारायला हवा होता : ‘भैया, हा झेंडू कोणत्या गावचा?’ त्या उत्तराची एक ओळ चिठ्ठीवर आली असती, तर त्या डहाळीला तिचे शेत परत मिळाले असते. येत्या हंगामात आपल्या हातातील प्रत्येक रोगट पानाबद्दल हा प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवावे.